राल्ली हे आडनाव ग्रीक, इटालियन की आयरिश?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या पणजोबांच्या कागदांत अकोल्याच्या कापूस बाजारातील नोकरीचा एक दाखला सापडला असून त्यावर ‘राली ब्रदर्स’ असे नाव आहे. घरात मात्र त्या पेढीला ‘रायलीसाहेबाची कंपनी’ म्हणत, त्यामुळे हे साहेब आयरिश असावेत असे कोणी सांगते, तर शेवटच्या ‘ई’वरून कोणी त्यांना इटालियन ठरवते. हे आडनाव मुळात कुठले, त्याचा अर्थ काय आणि आज ते कुठे व कितपत आढळते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

पेढीचे मालक असलेले राल्ली घराणे ग्रीक होते, एजियन समुद्रातील खिओस बेटाचे (इंग्रजी नकाशांत याच बेटाला कायोस म्हणतात), आणि आडनावही गेली सहासातशे वर्षे ग्रीकच आहे. पण ज्या शब्दापासून ते बनले तो शब्द ग्रीक नाही, इटालियनही नाही. तो उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांबरोबर आला आहे. आयरिश ‘रायली’शी त्याचा काहीही संबंध नाही, ते केवळ वऱ्हाडी जिभेचे काम आहे.

आधी उच्चार पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ग्रीकमध्ये पुरुषाचे आडनाव ‘राल्लिस’ असे लिहितात, आघात पहिल्या अक्षरावर. शेवटचा ‘स’ हा प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे, आणि संस्कृतातील ‘रामः’चा विसर्ग व हा ‘स’ एकाच मुळातले आहेत. ‘हे राम’ म्हणताना विसर्ग जसा गळतो, तसाच ग्रीकमध्ये हाक मारताना ‘स’ गळतो आणि ‘राल्ली’ उरते. द्वितीयेत आणि षष्ठीतही ‘राल्ली’च. स्त्रीचे आडनाव षष्ठीत असते, म्हणून त्याच घरातील मुलगी ‘राल्ली’ आणि तिचा भाऊ ‘राल्लिस’. याचा अर्थ असा की ‘राल्लिस’ आणि ‘राल्ली’ ही दोन आडनावे नव्हेत. परदेशी दप्तरांत त्यांची नोंद वेगवेगळी होते आणि वंशावळ जुळवणारा नवखा माणूस बहीणभावांना दोन घराण्यांत टाकून मोकळा होतो.

मग व्यापारी पुरुषांनीही ‘स’ टाकून ‘राल्ली’ का लिहिले? खिओस बेट १३४६ ते १५६६ या काळात इटलीतील जिनोआ शहराच्या, जिनोआकरांच्या, ताब्यात होते. तिथल्या वरच्या थरातील कुटुंबे व्यवहारात इटालियन वापरत, आणि पुढे लिव्होर्नो, त्रिएस्ते या बंदरांत पेढ्या काढल्यावर रोमन लिपीतील सही इटालियन वळणाची करणे त्यांना सोयीचे होते. आर्जेंती, स्कारामांगा, पेत्रोकोकिनो, रोदोकानाकी ही खिओसचीच इतर आडनावे पाहिली तर त्या सर्वांची रोमन लिपीतील ठेवण अशीच बिनसकाराची दिसते. आर्जेंती हे मुळातही इटालियन वळणाचे आहे, राल्ली तसे नाही. त्यामुळे केवळ शेवटचा स्वर पाहून आडनावाची जात ठरवू नये.

दुहेरी ‘ल’विषयीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. आजच्या प्रमाण ग्रीकमध्ये जोडाक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून अथेन्समध्ये हे नाव ‘रालिस’ असे ऐकू येते. खिओस, रोड्स, सायप्रस या आग्नेयेकडच्या बोलींत मात्र दुहेरी व्यंजन खरोखर दुहेरी उच्चारतात, आपण ‘गल्ली’ म्हणताना जीभ क्षणभर टेकवून ठेवतो तशी. आपल्या दाखल्यावरचे ‘राली’ मात्र अथेन्सच्या उच्चाराचा पुरावा मानू नका. ते इंग्रजी ऐकून मराठीत लिहिणाऱ्या कारकुनाचे आहे.

आता मूळ. अकराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी दक्षिण इटली जिंकली, आणि १०८१ मध्ये त्यांचा नेता रॉबर्ट गिस्कार याने एड्रियाटिक समुद्र ओलांडून बायझेंटाइन साम्राज्यावर, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचे इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यावर, स्वारी केली. या लोकांत ‘राऊल’ हे नाव सर्रास होते. सम्राट अलेक्सिओसची कन्या ॲना कोम्निनी हिने आपल्या वडिलांच्या कारकिर्दीचा जो इतिहास लिहिला आहे, त्यात गिस्कारने कॉन्स्टॅन्टिनोपलला धाडलेल्या राऊल नावाच्या एका दूताचा उल्लेख येतो. तो परत येऊन धन्याला न रुचणारी हकिकत सांगतो, गिस्कार संतापतो आणि राऊलला पळ काढावा लागतो. हाच राऊल पुढील घराण्याचा मूळपुरुष, असे अनेक ठिकाणी ठामपणे छापलेले आपल्याला दिसेल. मी ते मान्य करीत नाही. नाव नॉर्मन आहे आणि घराण्याचा मूळपुरुष कोणी नॉर्मन असावा हे पटण्याजोगे आहे. पण या दूतापासून पुढच्या राऊलांपर्यंत सलग पिढ्या दाखवणारा दुवा नाही, आणि दुवा नसताना प्रसिद्ध माणूस दत्तक घेण्याची खोड सगळ्याच वंशावळींना असते.

‘राऊल’ हे जुन्या जर्मानिक ‘राडुल्फ’चे फ्रेंच रूप आहे. ‘राड’ म्हणजे सल्ला, मसलत, आणि ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा. इंग्रजीतील ‘राल्फ’ आणि स्पॅनिशमधील ‘राऊल’ ही त्याचीच भावंडे. दुसरा घटक तर आपल्या अगदी जवळचा आहे, कारण ‘वुल्फ’ आणि संस्कृत ‘वृक’ हे सख्खे शब्द आहेत. भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात तोच लांडगा आहे. मात्र ‘मसलतीचा लांडगा’ असा अर्थ काढून त्यावरून घराण्याचा स्वभाव सांगू नये. जर्मानिक नावे दोन भारदस्त शब्द जोडून बनवीत, आणि त्या जोडाला एकत्रित अर्थ असलाच पाहिजे अशी अपेक्षा नसे. शिवाय ग्रीक झालेल्या राऊलांना हा अर्थ ठाऊकही नव्हता.

बाराव्या शतकाच्या अखेरीस हे घराणे बायझेंटाइन दरबारात पक्के बसलेले दिसते. ११९५ मध्ये सम्राट इसाक दुसरा याला पदच्युत करून त्याच्या भावाला गादीवर बसवणाऱ्या सरदारांत एक कॉन्स्टंटाइन राऊल आहे. तेराव्या शतकात अलेक्सिओस राऊल हा प्रोतोवेस्तिआरिओस, म्हणजे शाही वस्त्रागाराचा प्रमुख, या मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या मुलांना पुढच्या सम्राटाने कैदेत टाकले, आणि राजवट बदलल्यावर ती सुटली. या घराण्यातील माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय व्यक्ती म्हणजे अलेक्सिओसचा मुलगा योहान याची पत्नी थेओदोरा. ती सम्राट मिखाईल आठवा याची भाची होती. रोमच्या चर्चशी एकीकरण करण्याच्या मामाच्या धोरणाला तिने विरोध केला आणि त्यापायी हद्दपारी सोसली. तिने दोन संतांचे चरित्र लिहिले, ॲरिस्टॉटलच्या पदार्थविज्ञानावरील सिम्प्लिकिओसच्या भाष्याची स्वतःच्या हाताने नक्कल केली, राजधानीतील संत आंद्रेआसचा मठ पुन्हा बांधला आणि १३०० मध्ये तिचा मृत्यू झाला. ग्रंथांत तिचे नाव ‘थेओदोरा राऊलेना’ असे येते. आपल्याकडे पाटलाची पाटलीण आणि कुळकर्ण्याची कुळकर्णीण होते, तशी राऊलाची राऊलेना. हा प्रत्यय लागलेला दिसला की परदेशी नाव ग्रीक घरात पूर्णपणे रुजले असे खुशाल समजावे, कारण पाहुण्या शब्दाला कोणी घरचा स्त्रीप्रत्यय लावीत नाही.

‘राऊल’चे ‘रालिस’ कसे झाले, हा आपल्या प्रश्नाचा गाभा. ग्रीकला व्यंजनान्त पुरुषनाम चालवणे अवघड जाते, कारण त्याला विभक्ती लावता येत नाही. म्हणून बोलण्यात त्याला ‘-इस’ हा ओळखीचा शेवट जोडला गेला, मधला ‘ऊ’ गळाला आणि आघात पहिल्या अक्षरावर सरकला. हा बदल एका दिवसात झालेला नाही. चौदाव्या शतकातील कागदांत एकाच माणसाला एका ठिकाणी ‘राऊल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘रालिस’ म्हटलेले सापडते. पहिले रूप सही-शिक्क्याचे, दुसरे तोंडचे. पंधराव्या शतकातील एक उदाहरण मला फार आवडते. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीस द्वीपकल्पातील मिस्त्रा येथे तत्त्वज्ञ प्लिथोन याच्या वर्तुळात दिमित्रिओस राऊल कवाकिस नावाचा गृहस्थ होता. त्याने अनेक हस्तलिखिते नकलून त्यांवर ‘राऊल’ असेच लिहून ठेवले. साम्राज्य बुडाल्यावर तो रोमला गेला. त्याचा मुलगा लॅटिनमध्ये कविता करू लागला आणि त्याने स्वतःचे नाव ‘मानिलिउस काबाकिउस राल्लुस’ असे घेतले. बापाच्या आडनावातील ‘राऊ’ मुलाच्या आडनावात नाही, तेथे ‘राल्ल’ आहे, दुहेरी ‘ल’ आणि रोमन शेपटीसह. भाषाशास्त्राच्या नियमात जो बदल एका ओळीत सांगितला जातो, तो येथे एकाच घरात दोन पिढ्यांच्या हस्ताक्षरांत दिसतो.

१४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्यानंतर हे आडनाव चहूकडे विखुरले. व्हेनिसच्या चाकरीतील ग्रीक घोडेस्वारांत ते आहे, रुमानियन भाषिक संस्थानांच्या दरबारी कुटुंबांत आहे आणि खिओसवर तर आहेच. खिओसचे राल्ली स्वतःला बायझेंटाइन राऊलांचे वंशज म्हणत. हा दावा खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु आडनावाची व्युत्पत्ती आणि माणसांचा वंश हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले असे होत नाही. मोठ्या सरदाराचे नाव त्याच्या पदरच्या माणसांना, त्याच्या जमिनीवरील कुळांना, त्याने ज्यांच्या बाप्तिस्म्याला हात लावला त्यांनाही चिकटते. आपल्याकडे मोरे, पवार, शिंदे ही आडनावे किती जातींत आणि किती गावांत आहेत हे पाहिले, तर त्या सर्वांना एका मूळपुरुषापर्यंत नेण्याचा आग्रह कोणी धरणार नाही. राल्लींच्या बाबतीतही तोच संयम हवा.

याउलट, बहुसंख्य ग्रीक आडनावे अर्थाने पारदर्शक असतात. शेवटी ‘-पुलोस’ असले तर बहुधा पेलोपोनीस, ‘-आकिस’ असले तर क्रीट, ‘-इदिस’ असले तर काळ्या समुद्राकाठचे, ‘-ओग्लू’ असले तर आशिया मायनरमधून आलेले, ‘-आतोस’ असले तर केफालोनिया बेटाचे. आपल्या ‘-कर’सारखाच तो पत्ता असतो, फक्त गावाऐवजी मुलखाचा. काही आडनावे सरळ विशेषणे असतात. काशीला राहून संस्कृत ग्रंथांचे ग्रीक भाषांतर करणारे आणि १८३३ मध्ये तेथेच वारलेले दिमित्रिओस गालानोस यांच्या आडनावाचा अर्थ ‘फिकट निळा’ असा आहे. घाऱ्या डोळ्यांवरून पडलेल्या नावासारखाच हा प्रकार. राल्लीमध्ये असे काहीच दिसत नाही. ग्रीक माणसाला विचारले तर तोही अर्थ सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ओढूनताणून ग्रीक विशेषणे लावण्याचे उद्योग त्या नावावर झाले आहेत. त्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही, कारण एकाच माणसाच्या नावाच्या दोन रूपांचा लेखी पुरावा समोर आहे.

पेढीकडे येऊ. खिओसच्या पाच राल्ली भावांनी १८२० च्या आगेमागे लंडनमध्ये व्यापार सुरू केला. त्यांतील पांदिया याचा दरारा असा होता की लंडनच्या ग्रीकांत त्याला ‘झ्यूस’ म्हणत. १८२२ मध्ये उस्मानी फौजेने खिओसवर भीषण कत्तल केली, ओलीस ठेवलेल्या प्रतिष्ठितांना फाशी दिले, आणि वाचलेली कुटुंबे पांगून जिथे नातेवाइकांची पेढी होती तिथे गेली. मार्सेय, ओडेसा, मँचेस्टर, तब्रीझ असे हे जाळे पसरले. कोलकात्यात त्यांची शाखा १८५१ मध्ये आणि मुंबईत १८६१ मध्ये निघाली. हे दुसरे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या पणजोबांच्या गावात ग्रीक आडनाव पोहोचले ते या वाटेने. आज टाटा समूहात असलेल्या मुंबईच्या ‘रॅलीज इंडिया’ या कंपनीच्या नावात ते अजून टिकून आहे. आणि योगायोग असा की इंग्रजी वळणाने लागलेल्या त्या शेवटच्या अक्षरामुळे ते मूळ ग्रीक प्रथमेच्या पुन्हा जवळ गेले आहे.

ज्यांना या घराण्याच्या नोंदी वाचायच्या आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, आणि मराठी माणसाला ती लगेच कळते. खिओसच्या प्रथेप्रमाणे थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवतात, त्यामुळे तीच चारपाच नावे घराण्याच्या प्रत्येक शाखेत फिरत राहतात. कोण कोणाचा, हे मधल्या नावावरून कळते, आणि ते मधले नाव वडिलांचे असते. ‘स्टीफन ऑगस्टस राल्ली’ म्हणजे ऑगस्टसचा मुलगा स्टीफन. ‘पांदिया स्टीफन राल्ली’ म्हणजे स्टीफनचा मुलगा पांदिया. इंग्रज लेखकांनी हे मधले नाव शोभेचे समजून पुष्कळदा गाळले आहे. मीही सुरुवातीच्या काळात एका तक्त्यात मधले नाव सोडून दोन स्टीफन एक केले आणि त्या तक्त्यातून एक अख्खी पिढी नाहीशी झाली. लंडनच्या वेस्ट नॉरवुड दफनभूमीत १८४२ पासून ग्रीकांसाठी राखलेला भाग आहे. मधल्या नावांचा तपास करायचा तर छापील पुस्तकांपेक्षा तिथल्या थडग्यांवर अधिक विसंबता येते.

आता प्रसार. ग्रीसमध्ये हे आडनाव ओळखीचे आहे, पण संख्येने मोठे नाही, आणि त्याची ओळख मुख्यतः राजकारणामुळे आहे. दिमित्रिओस राल्लिस (१८४४–१९२१) पाच वेळा पंतप्रधान झाले. त्यांचे पुत्र इओआनिस यांनी जर्मन ताब्याच्या काळात, १९४३–४४ मध्ये, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या सरकारचे प्रमुखपद घेतले आणि ते तुरुंगात वारले. नातू गिओर्गिओस १९८० ते ८१ मध्ये लोकशाही मार्गाने पंतप्रधान झाले. ही शाखा लंडनच्या व्यापाऱ्यांची नव्हे. ब्रिटनमध्ये पांदेली राल्ली १८७५ पासून दहा वर्षे पार्लमेंटात होते, आणि १९१२ मध्ये लुकास राल्ली यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. बुकोव्हिना प्रांतात जन्मलेले रुमानियन क्रांतिकारक झामफिर आर्बोरे (१८४८–१९३३) यांचे मूळ आडनावही राल्लीच. ‘राल्लू’ हे जुने ग्रीक स्त्रीनामही याच मुळाशी जोडले जाते. म्हणजे आडनावाने पुन्हा व्यक्तिनामाचे रूप घेतले आहे.

आज ते किती लोकांचे आहे, हे मोजताना तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, ‘राल्लिस’ आणि ‘राल्ली’ यांची बेरीज करावी, नाहीतर फक्त पुरुष किंवा फक्त स्त्रिया मोजल्या जातात. दुसरे, १९८३ च्या कौटुंबिक कायद्यानंतर ग्रीसमध्ये विवाहित स्त्रीचे माहेरचेच आडनाव कायद्याने कायम राहते, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या याद्यांची थेट तुलना करू नये. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, रोमन लिपीत सारखी दिसणारी पण असंबद्ध नावे वगळावीत. इटलीत हीच अक्षरे असलेले सगळेच लोक खिओसचे नसतात. सिंध, कच्छ आणि राजस्थानातील ठिगळांच्या ‘रल्ली’ गोधडीचा या घराण्याशी संबंध नाही. तो शब्द ‘मिसळणे’ या अर्थाच्या स्थानिक क्रियापदावरून आला आहे. मोर्चाला आपण ‘रॅली’ म्हणतो तोही निराळा. ‘राल्ली कार्ट’ ही एकोणिसाव्या शतकातील हलकी दुचाकी घोडागाडी मात्र खरोखर याच आडनावावरून, तिच्या पहिल्या गिऱ्हाइकावरून, ओळखली जाऊ लागली.

शेवटी आपल्या दाखल्याविषयी. त्यावर खाली इंग्रजीत कोणाची सही आहे, हे आपण लिहिलेले नाही. पेढीच्या भारतातील वरिष्ठ जागांवर दीर्घकाळ ग्रीक माणसे नेमली जात, आणि ती सर्व राल्ली नसत. म्हणून ‘फॉर राली ब्रदर्स’ या ओळीखालचे नाव भिंगाखाली नीट वाचावे, विशेषतः शेवटची चारपाच अक्षरे, आणि ती जशी दिसतात तशीच उतरवून काढावीत, ओळखीच्या इंग्रजी नावाप्रमाणे दुरुस्त करून नव्हे. आपल्या पणजोबांना घरात ज्या ‘रायलीसाहेबा’ची आठवण होती, तो बहुधा त्या सहीचा धनी असेल.